उन्हात ठेवलेली वाइन

वाइन कशी सांभाळावी याचे नियम त्यातली जाणकार मंडळी फार गंभीरपणे सांगतात. जागा अंधारी आणि गार हवी, बाटली आडवी हवी, तिला धक्का लागता कामा नये, आणि एकदा बूच काढलं की दोन-तीन दिवसांत ती संपवलीच पाहिजे. अटलांटिकमधल्या मदेरा बेटावर यातला एकही नियम पाळत नाहीत. तिथे पिंपं तापलेल्या कौलांखाली माळ्यावर ठेवतात, ती काठोकाठ न भरता आत हवेला जागा सोडतात, बाटल्या उभ्या ठेवतात. आणि फोडलेली बाटली वर्षभर कपाटात पडून राहिली तरी कुणाच्या कपाळावर आठी पडत नाही. ऊन, हवा, हेलकावे आणि काळ या चौघांनी वाइनचं जेवढं वाटोळं करायचं असतं तेवढं इथे आधीच करून घेतलेलं असतं. मग जे उरतं ते बाटलीत भरतात.

बेट पोर्तुगालचं, पण लिस्बनपेक्षा आफ्रिकेच्या किनाऱ्याला जवळ. 1419-20 च्या सुमारास पोर्तुगीज खलाशी तिथे उतरले तेव्हा माणसाची वस्ती नव्हती, नुसतं रान होतं. समुद्रातून सरळ वर आलेला हा काळा ज्वालामुखीचा डोंगर; सपाट जमीन शोधून सापडत नाही. म्हणून दगडाचे बांध घालून उतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेतं केली आणि वरच्या ओल्या अंगाचं पाणी पाटांनी खाली फिरवलं. या पाटांना ते लेवादा म्हणतात. आता पर्यटक त्यांच्या कडेनं छान फिरतात, फोटो काढतात. सुरुवातीच्या काळात इथे ऊस होता, आणि त्या उसाच्या मागे गुलामांची मेहनत होती, हे त्या सुंदर वाटांवरच्या पाट्यांवरून सहसा लक्षात येत नाही. द्राक्षवेलही पंधराव्या शतकातच आली, पण वाइनचा खरा जोर झाला तो उसाचा भर ओसरल्यावर.

ती वाइन फार थोर नव्हती. आंबट, कडक, तरुण. बेटाचं भाग्य असं की युरोपातून दक्षिणेकडे निघालेल्या जहाजांच्या वाटेवर ते पडे. अमेरिकेला जायचं असो की आफ्रिकेला वळसा घालून हिंदुस्थानला, जहाजं फुंशालच्या बंदरात थांबत आणि पाण्याबरोबर वाइनची पिंपंही चढवत. एकेक पिंप चारशे लिटरच्या वर. ती तळात रचली जात आणि पुढचे पाच-सहा महिने तिथेच राहत. विषुववृत्त ओलांडताना जहाजाच्या पोटात काय उकाडा होत असेल याची कल्पना मे महिन्यात मुंबईच्या लोकलनं प्रवास केलेल्या कुणालाही करता येईल. वाइन टिकावी म्हणून अठराव्या शतकाच्या मध्यापासून तिच्यात थोडं मद्यार्क मिसळू लागले. तरी ती तापायची ती तापतच होती.

आणि मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की न खपता परत आलेलं पिंप, जे दोनदा विषुववृत्त ओलांडून आलंय, नासलेलं नाही. उलट बेटावर राहिलेल्या पिंपापेक्षा किती तरी सरस झालंय. हा शोध कुणा एकाच्या नावावर नाही. अशा फिरून आलेल्या वाइनला पोर्तुगीजांनी ‘व्हिन्यु दा रोदा’ म्हटलं आणि इंग्रज व्यापारी ‘ईस्ट इंडिया मदेरा’ असं छापून जास्त पैसे घेऊ लागले. पिंपं मुद्दाम हिंदुस्थानच्या फेरीला पाठवली जाऊ लागली. माल म्हणून नव्हे, नुसती हिंडून यायला.

मला या सगळ्या प्रकरणातली ही गोष्ट सगळ्यात आवडते. हिंदुस्थानातून युरोपला काय काय गेलं याच्या याद्या आपल्याला पाठ असतात: मिरी, नीळ, मलमल. त्या यादीत हिंदुस्थानच्या वाटेवरचा उकाडा कुणी लिहीत नाही. तो मात्र त्या पिंपांतून तिकडे गेला आणि लंडनच्या जेवणाच्या टेबलांवर चवीनं प्यायला गेला.

मुंबईचाही इथे एक धागा आहे. पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन आणि इंग्लंडचा दुसरा चार्ल्स यांचं लग्न 1662 मध्ये झालं आणि मुंबई आंदण गेली, हे शाळेत आपण घोकलेलं आहे. पुढच्याच वर्षी इंग्लंडनं कायदा केला की युरोपातला माल आपल्या वसाहतींत न्यायचा तर तो आधी इंग्लंडच्या बंदरात उतरवूनच न्यायचा. त्यातून मोजक्या गोष्टी वगळल्या, त्यांत मदेराची वाइन होती. ती थेट अमेरिकेत जाऊ शकत होती, आणि गेली. बॉस्टनमध्ये 1768 साली जॉन हँकॉकचं ‘लिबर्टी’ नावाचं गलबत जकातीवरून जप्त झालं आणि गावात दंगल उसळली, त्या गलबतातून उतरवलेला माल मदेराच होता. अमेरिकेच्या स्वातंत्र्याची जी चर्चा पुस्तकांत येते ती बरीचशी चहाची. वाइनवरची जकात मागे पडली. चहाची गोष्ट मुलांना सांगायला सोयीची, एवढंच त्याचं कारण असावं.

आता कुणी पिंपं जहाजातून हिंडवत नाही. ती फेरी घरच्या घरी उरकण्याच्या दोन रीती निघाल्या. एक स्वस्तातली: 1794 च्या सुमारापासून वाइन तापवायच्या भट्ट्या आल्या, आज टाकीतली वाइन पंचेचाळीस ते पन्नास अंशांवर किमान तीन महिने ठेवतात. या वाइनचा बराचसा भाग फ्रान्समधल्या स्वयंपाकघरांत सॉसमध्ये जाऊन पडतो, आणि तिथेच ती शोभते. दुसरी रीत धीमी. पिंपं तुळयांवर मांडून माळ्यावर ठेवायची, वरच्या कौलांना ऊन तापवू द्यायचं, आणि वर्षानुवर्षं हात लावायचा नाही. काही गोदामांत नवी पिंपं सगळ्यात वरच्या मजल्यावर असतात, आणि वय वाढेल तशी खालच्या गार मजल्यांवर उतरवली जातात. लाकडातून पाणी आणि मद्यार्क हळूहळू उडून जातं. आतली साखर, आंबटपणा, वास सगळं घट्ट होत जातं. एकाच जातीच्या द्राक्षाची, एकाच वर्षाची वाइन वीस वर्षं पिंपात काढते तेव्हा कुठे तिच्या बाटलीवर ते वर्ष फ्राश्केइरा या नात्यानं लिहायची परवानगी मिळते. परवानगी देणारी सरकारी संस्था वाइन, भरतकाम आणि हस्तकला या तिन्हींचा कारभार बघते. बेट लहान असलं की एकाच कचेरीला बरंच काही बघावं लागतं.

भाचा लिस्बनला नोकरी करतो. त्याच्याकडे गेले होते तेव्हा आम्ही दोघं फुंशालला गेलो. तिथल्या जुन्या वाइनच्या दुकानांत चव बघायला मिळते: साध्या वयाची थोडीशी फुकट, जुन्याचे घोटागणिक पैसे. आम्ही गेलो ते दुकान म्हणजे खरं तर गोदामच होतं. आत शिरल्याबरोबर ओल्या लाकडाचा, जुन्या गुळाच्या ढेपेचा असा एक वास अंगावर येतो. भिंतीला लागून बाटल्या उभ्या. बहुतेकांवर कागदाचं लेबल नाही. काळ्या काचेवर पांढऱ्या रंगानं साचा धरून द्राक्षाचं नाव आणि साल रंगवलेलं, बस. गोदामातल्या ओलीत कागद कुजतो, रंग टिकतो. आणि बाटल्या उभ्या का, तर ही वाइन इतकी आंबट आणि कडक की आडवी ठेवली तर बूच खाऊन टाकते. तशीही हवेनं तिचं काही बिघडायचं राहिलेलं नसतं.

चव बघण्याचा क्रम ठरलेला. आधी सेर्सियाल, सगळ्यात कोरडी, मग व्हेर्देल्यु, मग बुआल, शेवटी मालव्हाझिया, सगळ्यात गोड. ही नावं द्राक्षांची आहेत. फरक पडतो तो मद्यार्क कधी घालतात यानं. रस आंबत असताना मद्यार्क घातलं की आंबवणारे जीव मरतात आणि उरलेली साखर तशीच राहते. मालव्हाझियात ते लवकर घालतात, सेर्सियालमध्ये साखर जवळजवळ संपेपर्यंत वाट बघतात. पण गोड असो की कोरडी, आंबटपणा सगळ्यांत सारखा धारदार. हाच या वाइनचा कणा. गोव्यात ‘पोर्ट’ म्हणून जी लालभडक गोड गोष्ट मिळते ती ज्यांनी सुटीत समुद्रकिनारी बसून प्यायली आहे, आणि आपल्यापैकी पुष्कळांनी प्यायली आहे, त्यांची गोड वाइनबद्दलची समजूत इथे पहिल्याच घोटाला मोडते. ही गोडी जिभेवर बसून राहत नाही. ती येते, पसरते, आणि पाठोपाठ आंबटपणा येऊन तिला उचलून नेतो. पुढचा घोट घ्यावासा वाटतो तो त्यामुळे.

काउंटरमागचा माणूस वयस्क होता आणि बोलण्याची त्याला हौस नव्हती. आमचे चार पेले संपल्यावर त्यानं भाच्याला पोर्तुगीजमध्ये काहीतरी विचारलं. भाचा म्हणाला, “मावशी, 1908 ची बुआल आहे म्हणतोय. घोटाचे पैसे ऐकू नकोस, मी देतो.”

पेल्यात आला तो अगदी तळाशी. रंग काळ्या चहाचा, पण पेला तिरका धरला की कडेला पिवळट हिरवी झाक दिसते. जुन्या मदेराची ती खूण समजतात. वास घेतला तर आधी नाकात झिणझिण्या: लाकडाला नुकतं पॉलिश मारलंय असं वाटावं. घाईनं नाक मागे घेतलं. त्या माणसानं हातानंच ‘थांबा’ अशी खूण केली. जुनी बाटली नुकतीच फोडलेली असेल तर तिला मोकळं व्हायला वेळ द्यावा लागतो. बाटलीत काढलेल्या प्रत्येक दशकामागे एक दिवस, असा एक ठोकताळा तिथे सांगतात. आमच्याकडे तेवढे दिवस नव्हते. थोड्या वेळानं पुन्हा नाक नेलं, आणि या खेपेला जो वास आला तो मी कुठेही ओळखला असता. भाजलेली मेथी. मेथीचं पीठ तुपात चार दिवस भिजत टाकतात, आणि मग गुळाच्या पाकात घालून बाळंतिणीसाठी लाडू वळतात, तेव्हा परातीतून येतो तो कडवट, गोडसर, खरपूस वास. त्यात जिऱ्याची नव्हे, डिंकाची नव्हे, फक्त मेथीची आणि गुळाची ओळख. मी भाच्याकडे पाहिलं. त्यानं पेल्यात नाक खुपसलं आणि म्हणाला, “आईचे लाडू!”

वाइनबद्दल लिहिणारे लोक या वासाला टॉफी म्हणतात, अक्रोड म्हणतात, संत्र्याची साल म्हणतात. तेही सगळं होतं. पण मेथी हा माझ्या नाकाचा खेळ नव्हता. जुन्या मदेरात सोटोलॉन नावाचं एक द्रव्य तयार होतं आणि वयाबरोबर वाढत जातं. मेथीच्या दाण्याला मेथीचा वास येतो तो मुख्यतः याच द्रव्यामुळे, आणि भरपूर मेथी खाणाऱ्याच्या घामालाही जो वास येतो तो याचाच. जपानी संशोधकांना ते कच्च्या साखरेत सापडलं होतं. अगदी थोडं असलं तर जळक्या साखरेसारखं, जास्त झालं तर मेथी-मसाल्यासारखं लागतं. म्हणजे ज्या वासासाठी लंडन-न्यूयॉर्कचे जाणकार विशेषणं शोधत बसतात तो आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत फुकट मिळतो. मला तेव्हापासून वाइनच्या चवीवर बोलायला अजिबात भीती वाटत नाही. आपापल्या फडताळातल्या डब्यांवर विश्वास ठेवावा.

घोट घेतला. त्याचं वर्णन करायचं तर कालक्रमानं करावं लागेल, कारण सगळं एकदम काही लागलंच नाही. आधी गोडी, काकवीच्या जातीची. मग बाजूनं, जिभेच्या कडांनी, आंबट. इतकं की गालफडं आत ओढली गेली. मग तुरट, कडसर, थोडं खारट. आणि गिळल्यावर खरा प्रकार सुरू. घशाखाली गेलेली वाइन संपत नव्हती. भाच्यानं बाहेर कुठे जेवायचं ते विचारलं, मी उत्तर दिलं, त्यानं बिल मागितलं, आणि टाळूवर अजून तेच चाललं होतं, मेथीकडून अक्रोडाकडे, अक्रोडाकडून जुन्या कपाटाकडे. काउंटरवर थुंकायला एक भांडं ठेवलेलं होतं. दिवसभरात पन्नास वाइनी चाखणाऱ्या धंदेवाईक लोकांना त्याची गरज असते हे मला मान्य आहे. पण 1908 साली तोडलेली द्राक्षं त्या भांड्यात टाकणाऱ्या माणसाशी मी गप्पा मारू शकणार नाही.

त्या वर्षी फेब्रुवारीत लिस्बनच्या भर चौकात राजा कार्लुश आणि युवराज यांचा खून झाला होता; म्हणजे ही द्राक्षं पिकली ती पोर्तुगालच्या शेवटच्या राजाच्या राज्यात. मराठी माणसाला 1908 म्हटलं की दुसरंच आठवतं: जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा आणि मुंबईच्या गिरण्यांतला सहा दिवसांचा संप. सप्टेंबरमध्ये टिळकांना मंडालेला पोचवलं. मदेरावर द्राक्षांची तोडणी होते ती त्याच सुमारास. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही, हे मला कळतं. तरी सालाचा आकडा पांढऱ्या रंगात समोर असला की डोकं असल्या जोडण्या करतंच.

जुन्या वाइनबद्दल बोलताना लोक धीराची, पिढ्यान् पिढ्यांच्या दूरदृष्टीची फार स्तुती करतात. मला ते पटत नाही. एवढी जुनी पिंपं मागे राहिली याला धीरापेक्षा मंदीच जास्त कारण असावी. 1850 च्या दशकात वेलींवर भुरी आली, 1872 मध्ये फायलॉक्सेरा या किडीनं मुळं खाल्ली. अनेक इंग्रज व्यापारी गाशा गुंडाळून निघून गेले. पुढे रशियात क्रांती होऊन ती बाजारपेठ गेली, 1920 साली अमेरिकेत दारूबंदी आली. उरलेल्या कंपन्या एकमेकींत विलीन होऊन जगल्या. माळ्यावरची पिंपं तशीच पडून राहिली, कारण ती घ्यायला गिऱ्हाईकच नव्हतं. फार उडून जायला लागली की वाइन मोठ्या काचेच्या बुधल्यांत काढून ठेवायची, आणि पुन्हा वाट बघायची. मुळात परत आलेलं न खपलेलं पिंप हीच या वाइनची जन्मकथा. तिचं म्हातारपणही न खपल्यामुळेच झालं. ज्यांनी 1908 ची द्राक्षं तोडली त्यांना आपली वाइन लवकर विकली गेली असती तर बरंच वाटलं असतं.

गिऱ्हाईक परतलं की गोष्टीही जमा होतात. नेपोलियनला सेंट हेलेनाला नेणारं जहाज 1815 मध्ये फुंशालपाशी थांबलं, इंग्रज वाणिज्यदूतानं त्याला 1792 च्या वाइनचं पिंप दिलं, ते न पिताच तो मेला, पिंप परत आलं, आणि त्यातली एक बाटली 1950 मध्ये चर्चिल बेटावर आला तेव्हा फोडली गेली, असं सांगतात. जहाज थांबलं होतं आणि चर्चिल आला होता, एवढं नक्की. मधल्या पिंपाच्या प्रवासावर बाटल्यांच्या किमती चढतात. असल्या गोष्टी मला ऐकायला आवडतात, पण त्या ऐकल्यावर वाइन जास्त चांगली लागते असा माझा तरी अनुभव नाही. पेल्यात नाक घातल्यावर नेपोलियन येत नाही, मेथी येते.

मी विकत आणली ती अर्थातच 1908 ची नव्हे. दहा वर्षांची व्हेर्देल्यु, परवडेल अशी. ती पुण्यात माझ्या स्वयंपाकघराच्या वरच्या फडताळात उभी असते, मे महिन्यात जिथे तूप पातळ होतं तिथेच. सणावाराला लहान पेल्यांत थोडी थोडी ओतते. विलायती पुस्तकं तिच्याबरोबर खारवलेले बदाम आणि जुनं चीज सांगतात. मी दिवाळीत अनारशाबरोबर दिली: गूळ, खसखस आणि तुपाचा खमंगपणा यांना तो आंबटपणा फार छान पेलतो. पातळ पोह्यांच्या चिवड्याबरोबर त्याहून बरी. श्रीखंडाबरोबर मात्र मुळीच नाही. दोघांचा आंबटपणा एकमेकांच्या अंगावर जातो. आमच्या थोरल्या जाऊबाईंना द्राक्षासव माहीत, त्यामुळे त्यांनी ती औषधाच्या झाकणातच मागितली, नाक न मुरडता घेतली, आणि पुढच्या खेपेला झाकण विसरून सरळ पेला पुढे केला. मेहुण्यांनी सोडा मागितला. एवढी माहिती सांगितल्यावरही मागितला. मी दिला.